चौथ्या चौकटीत काही होत नाही

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन नावाचं शहर आहे. तिथल्या जेम्स कोचाल्का या व्यंगचित्रकाराने २६ ऑक्टोबर १९९८ या दिवसापासून आपल्या रोजच्या जगण्यातल्या एखाद्या बारीकशा प्रसंगाची चित्रपट्टी काढायला घेतली, आणि ३१ डिसेंबर २०१२ ला हा उद्योग थांबवला. पट्टीचं नाव ‘अमेरिकन एल्फ’. एल्फ म्हणजे तिकडच्या परीकथांमधला टोकदार कानांचा बुटका प्राणी. कोचाल्का स्वतःला तसाच काढतो, वर पुढचे दोन दात बाहेर. पहिल्या पाच वर्षांचा जाडजूड संग्रह २००४ मध्ये निघाला. २०११ मध्ये व्हरमाँटने त्याला राज्याचा पहिला मानाचा व्यंगचित्रकार केलं.

ही सगळी थोरवी मला भाचीने सांगितली. ती अप्लाइड आर्ट शिकते. दिवाळीला आली तेव्हा तो संग्रह माझ्या हातात ठेवून गेली. मी रीतसर पहिल्या पानापासून वाचायला घेतला. एल्फला थंडी वाजते. एल्फ मांजरीशी बोलतो. एल्फ आणि त्याची बायको झोपण्यापूर्वी दोन वाक्यं बोलतात. बहुतेक पट्ट्या चार चौकटींच्या, आणि चौथीत काहीच होत नाही. मी हसायच्या तयारीत बसलेली, आणि हा बाबा दिवा मालवून झोपलेला.

मी चिंटू वाचत मोठी झाले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू ‘सकाळ’मध्ये २१ नोव्हेंबर १९९१ पासून येऊ लागला तेव्हा मी शाळेत होते, आणि बाबांच्या खांद्यावरून वाकून आधी तो वाचायचा, मग दात घासायचे, असा क्रम होता. दिवाळी अंक हातात आला की कथा-कवितांच्या आधी व्यंगचित्रं. या सगळ्यांनी डोक्यात एक पक्कं बसवून दिलं होतं: शेवटच्या चौकटीत टाळी पडलीच पाहिजे.

भाचीला फोन लावला. म्हटलं, “अगं, यात विनोद कुठे आहे?”

“मावशी, एकेक पट्टी वाचू नकोस. वर्षंच्या वर्षं वाच.”

“वर्षभर मांजरच बघू?”

“त्यापेक्षा स्वतःच काढून बघ ना थोडे दिवस. मग कळेल.”

मी एका कॉलेजच्या ऑफिसात फायली सांभाळते. शाळेत वर्गातल्या हुशार मुली एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसायच्या तेव्हा त्यांना रंगाचं पाणी बदलून देणं एवढाच माझा चित्रकलेशी संबंध. हे सांगितल्यावर भाचीने हार्वी पीकरचं उदाहरण फेकलं. हा क्लीव्हलंडच्या सरकारी रुग्णालयात फायली लावणारा कारकून. चित्र काढता येत नसे. काड्यांची माणसं काढून, त्यांच्या डोक्यावर संवाद लिहून तो कागद चित्रकार मित्रांना द्यायचा. त्यातला एक मित्र रॉबर्ट क्रम्ब, म्हणजे तिकडच्या बंडखोर कॉमिक्समधलं सगळ्यात मोठं नाव. १९७६ मध्ये पीकरने स्वतःच्या पैशाने ‘अमेरिकन स्प्लेंडर’चा पहिला अंक छापला. विषय काय, तर ऑफिस, भाजी-किराणा, रांगेत उभं राहणं, पैशांची चणचण. त्यावर २००३ मध्ये सिनेमाही निघाला. “आणि तू फायलीच सांभाळतेस की,” भाची म्हणाली. यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

कार्ट्रिज पेपरचं पॅड, एचबी पेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि वॉटरप्रूफ शाईचं काळं पेन एवढं आणलं. रात्री जेवणं आटोपली की डायनिंग टेबल पुसून बसायचं. मला वाटलं होतं, अडचण येईल ती चित्रात. पहिल्याच रात्री कळलं की आधी अडवतात ती अक्षरं.

जाणकारांची पद्धत अशी की संवाद आधी लिहायचा, त्याभोवती फुगा काढायचा आणि उरलेल्या जागेत माणसं बसवायची. इंग्रजी कॉमिकवाले सरसकट कॅपिटल अक्षरं वापरतात, ती सगळी एका उंचीची. आपलं तसं नाही. वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, रकार. “तू पुन्हा दूध” ही वरची ओळ आणि “किती वेळा सांगितलं” ही खालची, एवढं लिहायचं म्हटलं तरी वरचे उकार खाली लोंबतात, खालच्या वेलांट्या वर चढतात आणि मध्येच त्यांची गाठ पडते. ओळींत अंतर ठेवलं की फुगा वाढतो. फुगा वाढला की माणसाचं डोकं चौकटीबाहेर. म्हणून मग वाक्यंच कापायची. “तू पुन्हा दूध उतू घालवलंस, किती वेळा सांगितलं लक्ष ठेव म्हणून” याचं “दूध!” झालं. दृश्य तेच, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे प्रत्यक्षातही इतकंच बोललं जातं.

दुसरा पेच उभं राहण्याचा. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे जो आधी बोलणार तो डावीकडे हवा. नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. आमच्या घरात बोलायला सुरुवात सासूबाई करतात. म्हणजे त्या कायम डावीकडे. पण ओट्यापाशी त्या उभ्या असतात उजव्या हाताला, खिडकीजवळ. मग ओटा, खिडकी, फ्रिज सगळं उचलून कागदावर पलीकडे न्यायचं. दुसऱ्या दिवशी मी आधी बोलले की सामान परत जागेवर. कागदावरच्या आमच्या स्वयंपाकघराची दिशा अशी रोज फिरते. वास्तुशास्त्रवाल्यांनी बघितलं तर घेरी येईल.

तिसरा पेच स्वतःच्या चेहऱ्याचा. ‘फन होम’ हे आपल्या वडिलांविषयीचं चित्र-आत्मकथन करताना ॲलिसन बेकडेल प्रत्येक माणसाच्या जागी स्वतः उभी राहायची, बसायची, तसे फोटो काढायची आणि त्यावरून चित्र करायची. पुस्तकाला सात वर्षं लागली, यात काय नवल? मी खुर्चीत बसलेल्या स्वतःचा फोटो मुलीकडून काढून घेतला. त्यात गुडघे नक्की कुठे आहेत हेच सापडेना. शेवटी एक अंबाडा आणि चष्म्याची दोन वर्तुळं, आत डोळे नाहीत, एवढ्यावर भागवायचं ठरवलं. नवरा म्हणाला, “ही कोणीही असू शकते.” स्कॉट मॅक्लाउडचं ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे १९९३ चं पुस्तक भाचीने मागाहून दिलं. त्यात हेच बलस्थान म्हणून सांगितलंय: चेहरा जितका साधा, तितका वाचणारा त्यात स्वतःला बघतो. मी ते पान नवऱ्यापुढे धरलं. तो म्हणाला, “ठीक आहे, पण पहिल्या चौकटीत तू बारीक आहेस आणि तिसरीत जाड.” एकच माणूस चारदा सारखा काढणं हे एकदा सुंदर काढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. चिंटूची ती केसांची बट वर्षानुवर्षं रोज तशीच्या तशी कशी येत असेल, याचा मी आयुष्यात पहिल्यांदा विचार केला.

हे सगळं हाताचं झालं. काढायचं काय, हा प्रश्न वेगळाच. ‘आज काही झालं नाही’ हे वाक्य आपण किती सहज म्हणतो ते रात्री दहा वाजता चार रिकाम्या चौकटी समोर असल्या की कळतं. इथे कामी आली लिंडा बॅरी. ही अमेरिकी व्यंगचित्रकार विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवते आणि ‘सिलॅबस’ या २०१४ च्या पुस्तकात तिने विद्यार्थ्यांना दिलेला रोजचा गृहपाठ आहे. वहीच्या पानाचे भाग पाडायचे. एका भागात आज केलेल्या सात गोष्टी, दुसऱ्यात पाहिलेल्या सात, मग कानावर पडलेलं एखादं वाक्य आणि एक चित्र. भरभर लिहायचं, विचार करत बसायचं नाही.

केलेल्या सात गोष्टी मी एका दमात लिहिल्या. पाहिलेल्या लिहायला घेतल्या आणि पेन थांबलं. सकाळी घराबाहेर पडून संध्याकाळी परत येईपर्यंत मी काय पाहिलं? संगणकाचा पडदा, फोनचा पडदा, फायली. बाकी सगळं डोळ्यांसमोरून गेलेलं, पण पाहिलेलं काही नाही. त्या शाळेतल्या परीक्षांत ‘स्मरणचित्र’ नावाचा एक पेपर असायचा. मैत्रिणी भाजी मंडई नाहीतर गणपतीची मिरवणूक पाठ करून जायच्या. इथे पाठ केलेलं चालत नव्हतं.

मग पाहायला लागले, निदान रात्री लिहायला काहीतरी हवं म्हणून. बसस्टॉपवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली ट्यूबलाइट छातीशी उभी धरून गर्दीत शिरणारा माणूस. बंद दुकानाच्या पायरीवर बसून दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची वेणी घालावी तसं लसणाचं जुडगं गुंफणारी बाई. आणि एक दिवस आमच्या ऑफिसच्या खिडकीबाहेरचं हे दृश्य. प्रवेशाचे दिवस. फॉर्म भरायच्या टेबलाशी गर्दी. एका मुलाला टेकायला जागा मिळेना तेव्हा त्याचे वडील काही न बोलता वळले आणि कमरेत वाकून उभे राहिले. मुलाने त्यांच्या पाठीवर फॉर्म ठेवला आणि लिहू लागला. पेनचं टोक शर्टात रुतत असणार. पण वडील हलले नाहीत, हात गुडघ्यांवर, नजर फरशीकडे. मुलाने विचारलं, “आडनाव आधी की नाव?” वडिलांनी मान न वळवता सांगितलं, “आडनाव.” लिहून झालं. वडील सरळ झाले, शर्ट नीट खोचला. फॉर्म खिडकीतून माझ्याकडे आला. मी शिक्का मारला.

रात्री त्याच्या चार चौकटी आखल्या. तीन जमल्या. चौथीत काय? हात आपोआप टाळी शोधायला लागला. फॉर्म चुकीचा निघतो. किंवा मी म्हणते, “झेरॉक्सवर सही राहिली, परत वाका.” घरच्यांना दाखवलं असतं तर हमखास हसले असते. पण ती चौकट आली की वडिलांची पाठ नुसती विनोदाची तयारी होऊन बसत होती. मी चौथ्या चौकटीत शर्ट खोचणारे वडील काढले आणि थांबले. मुलीने बघून विचारलं, “मग पुढे?” म्हटलं, “पुढे काही नाही.” तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसंच मी कोचाल्काकडे बघितलं असणार.

खरं म्हणजे बदल करायचाच नाही असा काही कायदा नाही. जपानच्या मोमोको साकुरा यांनी शिमिझू शहरातल्या आपल्या बालपणावर ‘चिबी मारुको-चान’ हे कॉमिक १९८६ पासून ‘रिबोन’ या मुलींच्या मासिकात काढलं. त्यावरची मालिका जपानमध्ये घराघरांत पोचली. त्यातले आजोबा इतके मायाळू, भोळे की वाचणाऱ्याला आपले वाटावेत. पुढे एका लेखात साकुरा यांनी सांगून टाकलं की त्यांचे खरे आजोबा अजिबात तसे नव्हते. मनात कपट असलेले, कोणाला जवळ न करणारे होते. कागदावर त्यांनी हवे तसे आजोबा करून घेतले. हे वाचून मी आणखीच गोंधळले. मग मला माझ्या पट्टीत सासूबाई किंचित कमी बोलणाऱ्या करायची मुभा आहे का? भाची म्हणाली, “त्यांना बालपणाची गोष्ट सांगायची होती. तुला आजचा दिवस ठेवायचाय. तू ठरव.”

गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा आठवले ते इथे. मारिओ लहानपणी लोटलीच्या घरातल्या भिंती रंगवायचे, तेव्हा आईने त्यांना कोरी वही आणून दिली. तिथून रोजनिशी चित्रांतून लिहायची सवय लागली. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपात आल्या. मित्र, लग्नं, पाद्री, कुत्री, घरातली माणसं, कंटाळा. ऐन पंचविशीतला तरुण, पुढे काय करायचं याचा पत्ता नाही. आपण पुढे ‘मारिओ’ होणार आहोत हे त्या पानांमधल्या मुलाला माहीत नाही. म्हणूनच आज काय जेवलो आणि कोण भेटलं याला तिथे पूर्ण किंमत आहे. आत्मचरित्र लिहिणारा शेवट माहीत करून बसतो, आणि मग सुरुवातीपासूनच त्या शेवटाकडे तोंड करून चालतो. रोजची पट्टी काढणाऱ्याला ती सोय नाही. आज जे किरकोळ म्हणून काढलं ते किरकोळ होतं की नव्हतं, हे त्याला कळायला उशीर असतो.

मधल्या काळात घरात राजकारण सुरू झालं होतं. आपण कागदावर उतरतो आहोत हे कळल्यावर कोणी साधं वागेना. नवरा चहाचा कप स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवू लागला, आणि ठेवताना मी बघते आहे ना याची खात्री करू लागला. सासूबाईंनी चष्मा लावून पानं तपासली. “माझी हनुवटी एवढी पुढे आहे का गं?” म्हटलं, “नाही हो आई, रेष घसरली.” “रोज घसरते?” मुलीने तर लेखी द्यावं तशा अटी घातल्या: मार्कांचा उल्लेख नको, फोनचा नको, मैत्रिणींची नावं नकोत, रडलेलं तर मुळीच नको. कोचाल्काने बायकोशी झालेली भांडणंही काढली आहेत आणि घरातल्या पुष्कळ खासगी गोष्टीही. माझी तेवढी छाती नाही, आणि आमचं घर तेवढं मोठंही नाही. नियम इतकाच ठरला की ज्याचं चित्र, त्याने आधी बघायचं, आणि ‘नको’ म्हटलं तर पान फाडायचं नाही, पण दाखवायचंही नाही.

थोडा गठ्ठा साठल्यावर एका रविवारी भाचीचा सल्ला ऐकला आणि पानं सलग वाचली. एकेकटी पट्टी अजूनही बेचव होती. पण ओळीने बघताना भलतंच काही दिसू लागलं, जे मी कधी ठरवून काढलं नव्हतं. नवरा जवळजवळ सगळीकडे पाठमोरा. कारण साधं आहे, पाठ काढायला सोपी. पण आमचं बोलणं खरोखरच एकाचं तोंड ओट्याकडे आणि दुसऱ्याचं टीव्हीकडे असतानाच होतं. बसमध्ये मी प्रत्येक वेळी खिडकीशी, शेजारच्या सीटवर चेहरा नसलेला कोणीतरी. आणि मुलगी. सुरुवातीच्या पानांवर ती टेबलाशी, सोफ्यावर, आरशासमोर आहे. बारावीचं वर्ष पुढे सरकलं तशी ती चौकटीतून कमी होत गेलेली. मागच्या पानांवर नुसतं तिच्या खोलीचं बंद दार, आणि फुग्याचं शेपूट त्या दाराला जोडलेलं: “जेवले!” “नंतर!” “हो गं!” दार काढायला चार रेषा लागतात, म्हणून मी ते काढत गेले. घरात काय चाललंय याची मला रोज वेगवेगळी तक्रार होती. हे एवढं एकत्र कधी दिसलं नव्हतं.

तेव्हा त्या एल्फचं कोडं थोडं सुटलं. त्याच्या पट्टीत मधल्या वर्षांत दोन मुलगे जन्माला आले आणि पानागणिक मोठे झाले. कोणत्याही एका चौकटीत ते ‘मोठे होत’ नाहीत. एका चौकटीत ते फक्त सांडतात, ओरडतात, झोपतात. चौथ्या चौकटीत तो मुद्दाम काही घडू देत नाही, कारण तिथे टाळी घेतली की दिवस तिथेच संपतो, दुसऱ्या दिवसाला तो जोडलाच जात नाही. हे मला त्या पुस्तकात कुठे लिहिलेलं सापडलं नाही. स्वतःचा गठ्ठा वाचला नसता तर पटलंही नसतं.

अर्थात समजलं म्हणून जमतंच असं नाही. अजूनही रात्री चौथी चौकट समोर आली की विनोद सुचतो, आणि काही वेळा मी तो घेतेही. सणासुदीला गोड खावंच. उकार अजून लोंबतात. हात काढायचे टाळण्यासाठी सगळ्यांचे हात मी पाठीमागे, खिशात किंवा पदराखाली ठेवते. बाहेरच्या कोणी पानं चाळली तर आमच्या घरात सगळे हात बांधून उभे असतात असं वाटेल.

परवा सासूबाईंनी वीजबिलाची पाठकोरी बाजू माझ्यापुढे ठेवली. पट्टी न वापरता हाताने ओढलेल्या चार चौकटी. आत काड्यांची दोन माणसं, एकीला अंबाडा. डोक्यावर बारीक, सुवाच्य अक्षरात संवाद. पीकर आमच्या घरी अवतरले होते.

“ही मी. हा दूधवाला. त्याला विचारते, दोन दिवस का आला नाहीस?”

“मग?”

“तो म्हणतो, गावाला गेलो होतो, आई आजारी होती. मी म्हणते, आता बरी आहे का? तो म्हणतो, आहे.”

“आणि चौथ्यात?”

“चौथ्यात तो जातो.”

“म्हणजे शेवट काय?”

“गेला की तो! आणखी पुढची घरं असतात त्याची.”

एकही पुस्तक न वाचता त्यांना हे कळलं, याचा मला थोडा रागच आला. वर त्यांनी एक सूचना केली: दूधवाला आधी बोलत नाही, मी बोलते, तेव्हा मला डावीकडे घे, आणि हनुवटी जरा बघून काढ. अक्षरं लिहून झाली आहेत, फुगे काढून झाले आहेत, हनुवटीही या खेपेला मंजूर झाली आहे. फक्त दूधवाल्याची मोटारसायकल आणि तिला दोन्ही बाजूंनी लटकवलेले कॅन काही केल्या जमत नाहीयेत. चालत आलेला दाखवू का, असं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, “तो चालत येत नाही.”